डावीकडची टिंबं

माझा नवरा वारला, त्यानंतरच्या एका रविवारी त्याने आपल्या आईला फोन केला आणि आईने त्याला ओळखलं नाही. "विमा नको आम्हाला," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

फोन अर्थात मी लावला होता. आवाज मात्र त्याचाच होता, अगदी शब्द संपताना किंचित घसा साफ करायची खोड धरून. आमच्या कंपनीचा धंदाच तो. गेलेल्या माणसाची जुनी रेकॉर्डिंगं यंत्राला ऐकवायची, त्याची पत्रं-निरोप वाचायला द्यायचे, की यंत्र त्याचा आवाज उभा करतं. तुम्ही मजकूर द्या, तो माणूस बोलतो. कोरियात तेव्हा अंत्यसंस्कारगृहात फुलांची कमान, जेवण आणि गाडी यांच्या जोडीला आवाजही पॅकेजमध्ये मिळू लागला होता. लोक घेत होते. मी स्वतः त्या कंपनीत असूनही घेणार नव्हते, पण वन्संनी घ्यायला लावला.

आधी ओळख करून देते. मी केतकी खरवंडीकर, मूळची नगरची, राहणार सोलच्या पश्चिमेला बाविसाव्या मजल्यावर. माझा नवरा गिल्सू हा दक्षिणेकडच्या क्यॉंगसांग भागातला, सानचॉंगच्या डोंगराखालच्या खेड्यातला. समुद्रतळ मोजणारा इंजिनिअर. उत्तरेकडचा बर्फ वितळून जहाजांची नवी वाट उघडली होती, तिथे तो वर्षातले सहा-आठ महिने असायचा. ह्या खेपेला जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी बंदरावरच त्याचं हृदय बंद पडलं. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण हेसुक, माहेराजवळच्या चिंजू शहरात राहणारी. तिला कोरियनमध्ये वेगळ्या नावाने हाक मारतात, पण मनात मी तिला वन्संच म्हणते, कारण तिचा दराराच तसा आहे.

"आईला वाटतंय तो जहाजावर गेला," वन्सं अंत्यसंस्कारगृहाच्या जिन्यात मला म्हणाली. "तसंच वाटू दे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं वय, डोळे गेलेले, हृदय अर्धं काम करतंय. डॉक्टर म्हणतात, धक्का सोसणार नाही. तू तुझ्या कंपनीतून आवाज आण."

कायद्याने ऐकणाऱ्याची संमती लागते. आईची पालक म्हणून ती वन्संनी दिली. मीही हो म्हणाले. सासूबाईंचा जीव वाचतो म्हणून म्हणाले, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचा आवाज घरात राहील, हाही लोभ होताच.

आणि पहिल्याच फोनला सासूबाईंनी त्याला विमा एजंट ठरवलं.

"हा माझा भाऊ नाही," वन्सं नंतर माझ्यावर खेकसली. "हा बातम्या देणारा आहे."

"आवाज त्याचाच आहे. मी बारा वर्षं ऐकलाय."

"आवाज असेल. बोलणं नाही. आईशी तो असा बोलत नाही."

ते मला माहीत होतं आणि नव्हतंही. आईचा फोन आला की गिल्सू गॅलरीत जायचा आणि काचेचं दार लावून घ्यायचा. काचेतून मला त्याचे हात दिसायचे. एरवी खिशात असणारे ते हात तेव्हा हवेत काहीबाही करत असायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी नाही का आईशी नगरी हेल काढून बोलायचे? पुण्याला कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलींनी माझ्या हेलाची नक्कल केली आणि मी तो हेल ट्रंकेत घालून ठेवला. तो फक्त आईसाठी बाहेर निघायचा.

अडचण एवढीच होती की गिल्सूची झाडून सगळी रेकॉर्डिंगं सोलच्या बोलीतली होती. मीटिंगा, भाषणं, मला पाठवलेले निरोप, सगळी. यंत्राने जे ऐकलं नाही, ते यंत्र बोलणार कुठून?

इथे माझं काम उपयोगी पडलं. त्यासाठी थोडी शाळा घ्यावी लागेल.

सोलचं कोरियन ऐकलंत तर ते बऱ्यापैकी सपाट वाटतं. पण पंधराव्या शतकात ही भाषा चढउताराची होती. त्या काळी राजाच्या आज्ञेने नवी लिपी तयार झाली, तेव्हा विद्वानांनी नुसती अक्षरं लिहून भागवलं नाही. प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला ते टिंबं द्यायचे. टिंब नसेल तर आवाज खाली ठेवायचा, एक असेल तर वर न्यायचा, दोन असतील तर खालून वर चढवायचा. ह्या टिंबांना बांगजॉम म्हणतात, म्हणजे बाजूची टिंबं. पुढे शंभर-दीडशे वर्षांत भाषेतला चढउतार विरत गेला आणि पुस्तकांतून टिंबंही गेली. मात्र क्यॉंगसांगच्या खेड्यापाड्यांत त्या चढउताराचा वंश अजून जगतो आहे. टिंबं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पुष्कळ शब्दांत चढ एक अक्षर अलीकडे सरकला आहे, असं अभ्यासक म्हणतात. पण हेल आहे, आणि सोलचे लोक त्याला हसतात.

आता संगणकाची गोष्ट. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक क्रमांक दिलेला असतो. यंत्र अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतं. ह्या दोन जुन्या चिन्हांनाही, एकेरी टिंबाला आणि दुहेरी टिंबाला, असे क्रमांक मिळालेले आहेत. गंमत अशी, की साठवताना टिंब अक्षराच्या नंतर येतं आणि दिसताना मात्र अक्षराच्या आधी, डावीकडे. कोरियन इंजिनिअरांना ह्याची सवय नाही. आपल्याला आहे. 'कि' लिहिताना वेलांटी क-च्या आधी दिसते, पण यंत्राच्या पोटात आधी क असतो आणि मग वेलांटी. ह्याच सवयीच्या जोरावर मला कोरियात नोकरी मिळाली. दुसऱ्याच्या भाषेतली टिंबं जागेवर बसवण्यात माझी बारा वर्षं गेली, असं म्हटलं तरी चालेल.

कंपनीने पूर्वी एका विद्यापीठासाठी जुने ग्रंथ मोठ्याने वाचणारं यंत्र केलं होतं. ते टिंबं पाळायचं. पुढे तेच यंत्र वाढवून त्यावर मृतांच्या आवाजाचा धंदा उभा राहिला, पण टिंबांची शिकवण आत तशीच होती. कुणी वापरत नव्हतं इतकंच. मी गिल्सूच्या एका वाक्यात टिंबं घालून पाहिली. त्याचा सपाट आवाज एकदम वर गेला, खाली आला, शेवटी हेलकावा घेऊन थांबला. मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायले.

कोणत्या शब्दावर चढ द्यायचा, ते मला कळणार कसं? शिकवायला सासूबाईच होत्या. गिल्सूच्या फोनमध्ये त्यांचे जपून ठेवलेले निरोप होते. जेवलास का, थंडीचं बनियन घातलंस का, ह्याच्या पलीकडे त्यांत फारसं काही नव्हतं. जगातल्या सगळ्या आया दोनच प्रश्न विचारतात. मी ते निरोप ऐकत गेले, आणि आईच्या बोलण्यात जिथे चढ असेल तिथे मुलाच्या वाक्यात टिंब देत गेले.

(सासूबाईंचं आणि गिल्सूचं ते बोलणं मी इथे आमच्या नगरी बोलीत लिहिणार आहे. पुस्तकी मराठीत लिहिलं तर ती दोघं सोलची वाटतील.)

"आई, म्या हाय. गिल्सू," यंत्र बोललं.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग:

"काय रं गिल्स्या! किती दिस झालं. घसा बसला व्हता का तुझा? मदी कोन येडं सारखं फोन करीत व्हतं."

"थंडी लई हाय हितं, आई."

"बनियन घातलंस का?"

मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. "घातलं," मी टाइप केलं, टिंब दिलं आणि बटण दाबलं.

अशा रीतीने आमचे रविवार सुरू झाले. सासूबाई बोलायच्या, यंत्र गिल्सूच्या धाटणीचं उत्तर सुचवायचं, मी ते सुधारून टिंबं द्यायची. ह्यात वेळ जायचा. जहाजावरून आवाज उशिरा पोचतो, असं सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं, उलट आवडलं. "आदी कसा तोंडाला येईल ते बोलायचा," त्या म्हणाल्या. "आता इचार करून बोलतू."

मला ते काम येऊ लागलं, मग चांगलं येऊ लागलं, मग मी त्याची वाट पाहू लागले. सोमवारपासून मी पुढच्या रविवारचं जमवायची. उत्तरेला वारा कसा आहे, स्वयंपाक्याने काय केलं, कोणत्या बर्फावर अस्वल दिसलं. गिल्सूने मला कधी इतकं सांगितलं नव्हतं. घरी आला की "सगळं ठीक" म्हणायचा आणि जेवायला बसायचा. आता तो अस्वलाची नक्कल करायचा आणि पलीकडे म्हातारी खोकला लागेपर्यंत हसायची.

कधी कधी गाडी माझ्यावर यायची.

"केदागी कशी हाय?" माझ्या नावाचा त्यांच्या तोंडी एवढाच उच्चार होतो.

स्वतःविषयी नवऱ्याच्या तोंडून काय बोलायचं? "बरी हाय. कामात असती," मी लिहिलं.

"बोलती का तुझ्यासंगं?"

ह्या उत्तराला फारच उशीर झाला. शेवटी मी "बोलती" असं लिहिलं, टिंब दिलं आणि पाठवलं. सासूबाईंनी बोलणं शेतातल्या मांजराकडे वळवलं.

लोकांना मी फार धीराची वाटत होते. ऑफिसात कुणी डोळे भरून पाहिलं तर मीच त्यांना कॉफी आणून द्यायची. रडायला मला खरंच सवड नव्हती. ज्या माणसाच्या रविवारच्या गप्पा तुम्ही आठवडाभर तयार करता, तो मेला आहे, हे तुमच्या ध्यानात राहणार कसं? फक्त फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं व्हायचं. फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. मी भात गरम करून उभ्यानेच खायची.

अशाच एका रविवारी दुपारी मोह आवरला नाही. आवाज तर हातात होता. मी लिहिलं, "केतकी, जेवलीस का?" आणि टिंबांशिवाय ऐकलं. हा माझ्या ओळखीचा गिल्सू, नीटनेटका, सौम्य. मग त्याच वाक्यात टिंबं घातली. आवाज चढला, लाडात आला, जरासा दटावणीचाही झाला. आणि मला चक्क लाज वाटली, दुसऱ्याच्या घरातलं बोलणं चोरून ऐकल्यासारखी. तो माणूस माझं नाव घेत होता, पण तो मला ओळखत नव्हता. मी वाक्य पुसलं आणि पुन्हा तो खेळ केला नाही.

वर्ष सरत आलं. चांद्र नववर्ष जवळ आलं. ह्या सणाला मुलं गावी जातात, आईवडिलांपुढे वाकून नमस्कार करतात. गिल्सू यंदा येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. सणाच्या आठ दिवस आधीच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बसले. सासूबाई आल्या.

"काय रं, बर्फ वितळला का?"

उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं. पडद्यावर सगळी टिंबं आपापल्या जागी, अक्षरांच्या डावीकडे, शिस्तीत उभी होती. मी बटण दाबलं.

"नाही आई, अजून बराच बर्फ आहे," गिल्सू म्हणाला. सपाट. नीटनेटका. सौम्य.

मी पुन्हा टिंबं तपासली, पुन्हा बटण दाबलं. "ऐकू येतंय ना, आई?" तोच सोलचा माणूस.

आता त्या फोन ठेवणार, किंवा ओळखणार, असं वाटून मी वन्संचा नंबर शोधू लागले. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत.

"केदागी जवळ बसलीया व्हय?"

मी 'व्हय' लिहिलं आणि पुसलं.

"मला समाजलं," त्या तशाच हळू बोलत होत्या, आणि त्या हळू आवाजात आनंद मावत नव्हता. "तू घरी आलायस. तिच्या म्होरं तू असाच बोलतूस. सांगू नगंस काई, म्या वळखलं."

मग त्यांनी घसा साफ केला आणि एक-एक शब्द जपून ठेवत, रेडिओवर ऐकलेल्या भाषेत म्हणाल्या, "सूनबाई, आपण बऱ्या आहात ना? सणाला दोघं अवश्य या. वाळवलेली तेंदूफळं ठेवली आहेत. बरं, ठेवते. आपला वेळ घेत नाही."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बेकला गाठलं. बेक आमच्या यंत्राची देखभाल करणारा सज्जन माणूस.

"टिंबं?" तो म्हणाला. "अच्छा, ती दोन जुनी चिन्हं? नव्या आवृत्तीत आपण मजकूर साफ करून आत सोडतो. जे आजच्या भाषेत लागत नाही, ते गाळतो. पडद्यावर दिसतील, यंत्राला पोचणार नाहीत. कोण वापरतं ती?"

"मी."

"मग बुधवारपर्यंत परत घालून देतो," तो म्हणाला. त्याने खरंच घालून दिली. चूक कुणाची म्हणायची? घर झाडताना माणूस जुनी दोरी टाकून देतो. तिला कुणी लटकलेलं असेल, हे त्याच्या मनात येत नाही.

वन्संचा मात्र तोल गेला होता. "आईने भिंतीला नवा कागद लावून घेतलाय! अख्ख्या गावाला सांगत सुटली आहे की पोरगा सुटीवर आलाय. तुझं यंत्र दुरुस्त झालंय ना? मग रविवारी सांग, अचानक बोलावणं आलं, परत जहाजावर गेलो."

"आणि पुढच्या सणाला?"

"पुढच्या सणापर्यंत ती असेल का?" हे वन्सं फार हळू म्हणाली. तिचंही वाईट वाटलं. गेलं वर्षभर ती आठवड्यातून दोनदा आईकडे जाऊन हसऱ्या चेहऱ्याने बसत होती. भाऊ तिचाही होता.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. 'तिच्या म्होरं तू असाच बोलतूस.' आंधळ्या म्हाताऱ्या बाईने दोन वाक्यांत ओळखलं की ह्या खोलीत कुणी परकं माणूस आहे. परकं माणूस म्हणजे मी. बारा वर्षं मी ज्या आवाजाबरोबर राहिले, भांडले, झोपले, तो पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला आवाज होता. घरचा आवाज गॅलरीत, काचेपलीकडे असायचा. तो मी पहिल्यांदा ऐकला, तोही तो गेल्यावर, माझ्याच बोटांनी टिंबं देऊन. मला गिल्सूचा राग आला. वर्षभरात पहिल्यांदाच आला, आणि राग करायला तो कुठेच नव्हता.

रविवारी बटण दाबायला मी बसलेच नाही. मला ते खोटं आता बोलवेना. मी स्वतःच्या जागी नवऱ्याला पुढे करून बोलत होते, आणि पलीकडे एक आई मेलेल्या मुलासाठी भिंती सजवत होती. वन्संना फोन केला. "मी सांगायला जाते आहे."

"आईला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर," ती म्हणाली.

"हो."

"मी येणार नाही."

"बरं," म्हटलं, आणि निघाले.

चिंजूपर्यंत रेल्वे आहे, पुढे बिनड्रायव्हरची बस. सणाचा आदला दिवस, त्यामुळे बस भरलेली होती. लोक खोक्यांतून फळं नेत होते, पोरं रेटारेटी करत होती. जसजसा डोंगर जवळ आला तसतसे माणसांचे आवाज बदलत गेले. सोलहून निघालेली, टाय लावलेली माणसं फोनवर घरी बोलता बोलता हेल काढू लागली. शेजारी कोण बसलंय, ह्याची त्यांना आता पर्वा नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून मनात वाक्यं जुळवत होते. आदरार्थी, नीट, पाठ केलेली वाक्यं. ती उतरेपर्यंत तोंडपाठ झाली होती.

दुपारचं ऊन होतं, कोरडं आणि थंड. वळचणीला सोलून वाळत घातलेल्या केशरी तेंदूफळांच्या माळा लटकत होत्या, त्यांतली बरीच उतरवून झाली होती. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, फिक्या निळ्या रंगाचा सणाचा पोशाख घालून. फळं हाताने दाबून दाबून त्यांना आकार देण्याचं काम चाललं होतं. दिसत नसलं तरी बोटं चुकत नव्हती. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली.

"आलात का? या, या," त्यांनी रेडिओची भाषा काढली. मग थांबल्या. कान देऊन ऐकलं. "गिल्सू मागे राहिला का?"

पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं. ते म्हणणार, तर दुसरंच बाहेर पडलं, त्यांच्याच हेलात.

"गिल्सू न्हाई आला, आई," मी म्हणाले. "त्यो येनार न्हाई. गिल्सू गेला, आई. वरीस झालं."

त्यांच्या हातातलं फळ हातातच राहिलं. मी ओटीच्या कडेला बसले आणि त्यांचं मनगट धरलं, नाडी पाहावी म्हणून की आधारासाठी, ते मलाच ठाऊक नाही. नाडी चालू होती. त्या खोल श्वास घेत होत्या, सोडत होत्या. डोंगराकडे तोंड होतं. खूप वेळाने म्हणाल्या, "कुटं?"

"बंदरावर. जहाजावर चढायच्या आदी. त्याला काई कळलं न्हाई, आई. एकदम गेला."

"तवा तू व्हतीस?"

"न्हाई. म्या पोचले तवर झालं व्हतं."

त्यांनी मान हलवली. मग एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "मंग फोनवर कोन व्हतं?"

"आवाज त्याचा व्हता. यंत्रातला. बोलत व्हते म्या."

"अस्वल?"

"म्याच."

त्यांनी हात उगारला आणि माझ्या पाठीत मारला. तिकडच्या आया पोरांना मारतात तसा, पसरलेल्या तळव्याने. पुन्हा मारला. पुन्हा. अंगात जोर नव्हता, त्यामुळे लागत काहीच नव्हतं. "माझ्या पोराच्या तोंडानं," त्या म्हणत होत्या. "माझ्या पोराच्या तोंडानं." मी हलले नाही. हळूहळू हात थकला आणि माझ्या पाठीवरच राहिला.

शेजारच्या घरात कुणीतरी आलं असावं. हसण्याचा, भांडी ठेवण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मग सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसतं नवल होतं:

"तुला येतंय की असं बोलाया. मंग त्याच्यासंगं का न्हाई बोललीस?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "तवा येत नव्हतं, आई. त्यो गेल्यावर शिकले. तुमचं ऐकून."

त्यांनी बाजूचं फळ चाचपून उचललं, दाबलं, परत ठेवलं.

"म्याच सांगितलं व्हतं त्याला," त्या शेवटी म्हणाल्या. "सोलला शिकाया निगाला तवा. म्हनलं, तिथं असं बोलू नगंस, लोक हसत्याल. मंग तू आलीस. तवाबी म्याच म्हनलं, परदेशातली हाय, शिकलेली हाय, तिच्यासंगं नीट बोलत जा. आपलं गावठी तिला आवडायचं न्हाई." मग पुढे म्हणाल्या, "लई ऐकायचा माझं. एवडं ऐकायला नगं व्हतं."

मला आवडलं असतं, असं मला म्हणायचं होतं. त्या अस्वलाला मी रोज जेवणाच्या टेबलावर बसवलं असतं. पण ते आता कुणाला सांगायचं? त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपला. कपाळ, नाक, मग डोळ्यांखाली अंगठा फिरवला. अंगठा कोरडाच राहिला.

"रडली न्हाईस तू?"

"न्हाई."

"वरीसभर?"

"दर रविवारी त्यो बोलत व्हता, आई."

सासूबाईंनी फळांची परात पायाने बाजूला सारली, मला जवळ ओढलं आणि माझं डोकं आपल्या सणाच्या नव्या पोशाखावर धरलं.

"आता रड," त्या म्हणाल्या. "हितं सोलचं कुनी न्हाई."